चिठ्ठीवरची माहिती कोणाची? 'सोरेल विरुद्ध आयएमएस हेल्थ' खटला

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी औषधाच्या दुकानात गेली, की कोणत्या डॉक्टरांनी कोणते औषध किती मात्रेत लिहिले, याची तिथे नोंद होते. ही नोंद विकण्यावर सरकार बंदी घालू शकते का? की ती विकणे हे कंपन्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या वादावर निकाल दिला.

माहितीचा प्रवास

अमेरिकेतील औषध दुकाने ही नोंद माहिती-विश्लेषण कंपन्यांना विकतात. त्यातून रुग्णाचे नाव वगळलेले असते, डॉक्टरांचे मात्र राहते. या कंपन्या प्रत्येक डॉक्टर कोणती औषधे लिहितात याचे अहवाल तयार करून औषध कंपन्यांना देतात. त्यामुळे कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी (एमआर) दवाखान्यात शिरण्यापूर्वीच त्याला ठाऊक असते, की हे डॉक्टर प्रतिस्पर्धी कंपनीचे औषध लिहितात का आणि नवे औषध लवकर स्वीकारतात का. कोणाला काय सांगायचे, हे त्यावरून ठरते.

व्हर्मांटचा कायदा

व्हर्मांट राज्याने २००७ मध्ये यावर कायदा केला. डॉक्टरांच्या संमतीशिवाय त्यांची ओळख सांगणारी अशी माहिती विकण्यास आणि औषधांच्या प्रचारासाठी वापरण्यास त्याने मनाई केली. डॉक्टरांची गोपनीयता जपणे आणि महागड्या ब्रँडेड औषधांच्या प्रचारामुळे वाढणारा खर्च आटोक्यात ठेवणे, हे राज्याचे उद्देश होते. संशोधनासारख्या कामांसाठी मात्र हीच माहिती वापरण्याची मुभा होती.

आयएमएस हेल्थ व अन्य माहिती कंपन्या आणि औषध उत्पादकांची संघटना न्यायालयात गेल्या. विल्यम सोरेल हे राज्याचे ॲटर्नी जनरल असल्याने खटल्यात त्यांचे नाव आले.

न्यायालयांतील मतभेद

न्यू हॅम्पशायरच्या अशाच कायद्याबाबत एका संघीय अपील न्यायालयाने २००८ मध्ये कंपन्यांचा दावा फेटाळला होता. कंपन्यांसाठी ही माहिती म्हणजे इतर मालासारखाच एक विक्रीचा माल आहे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. व्हर्मांटचा कायदा मात्र दुसऱ्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केला.

२३ जून २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ६ विरुद्ध ३ मतांनी तो घटनाबाह्य ठरवला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिला. माहिती तयार करणे आणि ती पोहोचवणे हीदेखील अभिव्यक्तीच आहे आणि औषधांच्या प्रचारालाही घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण मिळते, असे त्यात म्हटले आहे. कायदा अडकला तो भेदभावावर. स्वस्त जेनेरिक औषधांची बाजू मांडणाऱ्या सरकारी उपक्रमाला जी माहिती वापरता येत होती, ती ब्रँडेड औषधांच्या प्रचारकांना नाकारली होती. बोलणारा कोण आणि तो काय बोलतो, हे पाहून सरकारने एका बाजूचे तोंड बंद केले, असे न्यायालयाला वाटले.

न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी विरोधी मत लिहिले. रूथ बेडर गिन्सबर्ग व एलेना केगन त्यांच्याशी सहमत होत्या. त्यांच्या मते हे व्यापाराचे साधे नियमन होते. अशा प्रत्येक नियमाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याची कठोर कसोटी लावली, तर लोकनियुक्त सरकारला बाजारावर नियंत्रण ठेवणेच अवघड होईल.

निकालाचा अर्थ

या निकालाने गोपनीयतेचे सर्व कायदे बाद ठरवले नाहीत. काही मोजके अपवाद सोडून माहिती सर्वांसाठीच बंद ठेवली असती, तर प्रकरण वेगळे ठरले असते, असे बहुमतानेच नमूद केले. रुग्णांची माहिती जपणारा १९९६ चा 'हिपा' हा संघीय कायदा त्याचे उदाहरण म्हणून दिला. व्हर्मांटने दार सर्वांसाठी लावले नव्हते. ज्यांचे म्हणणे नको होते, मुख्यतः त्यांच्यासाठी लावले होते. आपल्या चिठ्ठ्यांची माहिती विकली जाऊ नये, असे वाटणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न मात्र निकालानंतरही सुटला नाही.