काबूलचा रोहुल्ला निकपाई

अफगाणिस्तान म्हटले की आपल्याला बंदुका, डोंगर आणि सुका मेवा एवढेच आठवते. या मुलुखाने ऑलिंपिकच्या मैदानात पहिले पाऊल टाकले ते 1936 साली बर्लिनला. त्यानंतर पदकासाठी त्याने तब्बल बहात्तर वर्षे वाट पाहिली. 1964 साली टोकियोत मोहम्मद इब्राहिमी हा मल्ल पाचवा आला. पुढे कितीतरी वर्षे तीच सर्वांत मोठी मजल होती. 1999 मध्ये तर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या देशाला निलंबितच केले आणि सिडनीच्या सामन्यांना तो मुकला. ही वाट ज्या तरुणाने संपवली, त्याची हकिगत तुम्हांस सांगायची आहे.

रोहुल्ला निकपाई 1987 साली जन्मला. तो हजारा जमातीचा. गृहयुद्धामुळे कुटुंबाला घरदार सोडून इराणात निर्वासितांच्या छावणीत जावे लागले. कुंग-फू, कराटेचे चित्रपट पाहून पोरे लाथा झाडू लागतात, तसेच याचेही झाले. (आपल्या मोहल्ल्यातली पोरे काही वेगळी नाहीत!) फरक एवढाच की याने तो नाद शिस्तीने जोपासला आणि अफगाण निर्वासितांच्या तायक्वांदो संघात जागा मिळवली. 2004 साली तो काबूलला परतला आणि तिथे त्याने तालीम चालूच ठेवली.

तायक्वांदो हा मूळचा कोरियाचा खेळ. 1988 व 1992 च्या ऑलिंपिकमध्ये तो केवळ प्रात्यक्षिक म्हणून होता. पदकांचा खेळ झाला तो 2000 पासून. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत. 2008 मध्ये छातीवरील चिलखतावर लाथ बसली तर एक गुण आणि डोक्यावर बसली तर दोन. पंच डोळ्यांनी पाहून कळ दाबीत. आणखी एक नियम नीट ध्यानात घ्या, कारण सगळी गोष्ट त्यावरच फिरते. ज्या खेळाडूकडून तुम्ही हरलात तो पुढे अंतिम सामन्यात पोहोचला, तर तुम्हांला कांस्यपदकासाठी पुन्हा एकदा संधी मिळते. म्हणजे हरल्यावर कपडे बदलून घरी जायचे नाही, कान टवकारून बसायचे.

20 ऑगस्ट 2008, बीजिंग. 58 किलो वजनी गटात निकपाईने पहिल्याच सामन्यात जर्मनीच्या लेव्हेंट टुनकाटला हरवले. पुढे मेक्सिकोच्या गिलेर्मो पेरेझने त्याला पाडले. पेरेझ अंतिम फेरीत गेला (सुवर्णही त्यानेच घेतले) आणि निकपाईचे दार पुन्हा उघडले. कांस्यासाठी समोर होता स्पेनचा जगज्जेता हुआन आंतोनिओ रामोस. निकपाईने त्याला 4-1 ने हरवले. राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांनी फोन करून अभिनंदन केले. घर व मोटार बक्षीस दिली. काबूलला हजारो लोक स्वागताला लोटले. पठाण, ताजिक, हजारा, उझबेक असा भेद त्या दिवशी कोणी केला नाही, आणि मला विचाराल तर घर-मोटारीपेक्षा हीच कमाई मोठी होती. तीस वर्षांच्या लढाईनंतर या पदकाने देशाला शांततेचा संदेश मिळो, एवढेच त्याचे मागणे होते.

एकदा मिळाले ते नशीब, असे म्हणणारे सगळीकडे असतात. चार वर्षांनी लंडनमध्ये तो 68 किलो गटात उतरला. दहा किलो वरच्या गटात खेळणे म्हणजे उंच, वजनदार गड्यांशी गाठ. शिवाय नियम बदललेले. आता चिलखतात विजेचे यंत्र बसवले होते. ज्या इराणात तो लहानाचा मोठा झाला, त्याच इराणच्या मोहम्मद बाघेरी मोतमेदने त्याला हरवले. पण मोतमेदही अंतिम फेरीत गेला! मग यजमान ब्रिटनच्या मार्टिन स्टॅम्परला त्याच्याच प्रेक्षकांसमोर 5-3 असे नमवून निकपाईने दुसरे कांस्य घेतले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत अफगाणिस्तानच्या खात्यावर हीच दोन पदके आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाची.

पालकांनो, पुढचा भाग विशेषतः तुमच्यासाठी. निकपाईला पाहून हेरातच्या एका मुलीने तायक्वांदो धरला. झाकिया खुदादादी तिचे नाव; जन्मापासून एक हात अधू. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबानने काबूल घेतले तेव्हा ती तिथेच अडकली होती. अनेकांच्या मदतीने ती बाहेर पडली आणि टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये देशाकडून खेळली. त्याच वर्षी तिच्या देशात सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. ती फ्रान्समध्ये राहून सराव करीत राहिली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला तिने निर्वासितांच्या संघाला पॅरालिंपिकमधले पहिले पदक मिळवून दिले. तेही कांस्यच. फक्त या वेळी नोंद अफगाणिस्तानच्या नावावर झाली नाही.