रुपयाचे तीन रुपये

ग्रंथालयाला अनुदान म्हटले की आपल्याकडे कपाटे आणि पुस्तकांची यादी एवढेच डोळ्यांपुढे येते. अल्प पैशांत ग्रंथालय साऱ्या गावाला कामाला लावू शकते, हे बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी दाखवले होते.

सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटताच मुले अक्षरे विसरली तर? म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले. नियम साधा होता. गावाने वर्गणी जमवायची; तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घाली, तेवढीच सरकार. रुपयाचे तीन रुपये! रक्कम लहानच, पण पहिला हिस्सा गावचा असल्याने ग्रंथालयही गावकीचे झाले. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरत. निरक्षरांसाठी दिव्याच्या उजेडात पडद्यावर चित्रे दाखवीत, पुढे सिनेमाही. आणि सीमाभागातील वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की, राजा मराठी असून प्रजा बहुतांशी गुजराती होती. भाषेवरून तेथील पुस्तके अडली नाहीत.

आमचा उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, नंतर राज्यात होता. पुढे वाटा फुटल्या. १९६५ च्या इकडच्या कायद्याने ग्रंथालये सरकारने चालवायची आणि त्यासाठी उपकर घ्यायचा असे ठरले; महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने लोकांच्या संस्थांना दर्जानुसार अनुदान दिले. दोहोंत उणेअधिक आहे. मला विचाराल तर उपकराने पगाराची शाश्वती येते, उत्साहाची नव्हे. २०१९ मध्ये इकडची गावोगावची ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे, म्हणजे पंचायतीच्या जवळ आली. पाठोपाठ २०२० मध्ये मुलांसाठी ‘ओदुव बेळकु’ हा वाचनाचा उपक्रम निघाला. बडोद्याचा दुसरा हिस्सेदार असा आमच्या दारी उभा आहे.

त्याच्याकडून काय मागावे? नुसती पुस्तके नकोत. जोयडा तालुक्याचे जुने ठाणे सुपा. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली ते आणि आसपासची गावे गेली. विस्थापितांपैकी कित्येक रामनगरला वसले. ती गावे आठवणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत. कुठल्या वळणावर देऊळ होते, कोणत्या शेताला काय म्हणत, हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार? कुणबी घरांतील कंदांची नावे, ते लावण्याची रीत हीही तशीच तोंडी विद्या. जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो, तेथे कंद विकत मिळतात. त्यांची नावे मात्र वहीत नाहीत.

हे काम ग्रंथालयाचेच आहे. मुलांनी आजीआजोबांकडून ऐकून लिहावे, बुडालेल्या गावाचा नकाशा हाताने काढावा. एका पानावर मराठीत, समोर कन्नडमध्ये. कोकणी शब्द आला तर तो तसाच ठेवावा, ‘शुद्ध’ करू नये. (आम्हा मास्तरांना ती खोड फार!) खर्च म्हणाल तर वह्या, रंग, जाण्यायेण्याचे बसभाडे आणि शेवटी गावजेवणाबरोबर वाचन. आवाज टिपायला घरोघरी मोबाईल आहेतच.

दिवाळीची सुट्टी संपली की पालकसभेत मी पहिल्या हिश्शाची वर्गणी मांडणार आहे. पंचायतीच्या अर्जाला जोडायला पावतीपुस्तक लागेल. ते आधी छापून घ्यावे म्हणतो.