कोणाचं मत कुठे पडलं?

बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे कार्यालयात मी कारकुनी केली. मस्टरवर सही नसेल तर पगार कापला जाई. म्हणून कायदे करणाऱ्यांच्या हजेरीचा आणि मतांचा हिशेब कोण ठेवतं, हा प्रश्न मला कायम जिव्हाळ्याचा वाटत आला. त्याचा एक धागा आमच्या बडोद्यातूनच जातो.

1874 साली बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांनी दादाभाई नौरोजींना दिवाण नेमलं. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्याशी त्यांचं जमलं नाही आणि जानेवारी 1875 मध्ये त्यांनी दिवाणगिरी सोडली. पुढे 1892 साली हेच दादाभाई लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून ब्रिटिश पार्लमेंटात गेले. सभासदांना तेव्हा पगार नसे. तो 1911 साली सुरू झाला.

तिथली मतमोजणी पाहण्यासारखी आहे. ठरावाच्या बाजूचे सभासद एका दालनातून जातात, विरोधातले दुसऱ्या. पूर्वी कारकून प्रत्येकाच्या नावापुढे खूण करत; दाराशी उभे असलेले मोजणीदार डोकी मोजतात. या नावांच्या अधिकृत याद्या 1836 पासून छापल्या जाऊ लागल्या. आपला सभासद कोणत्या बाजूला गेला, हे मतदाराला छापील कागदावर दिसू लागलं.

2 जून 1893 रोजी सनदी नोकरीच्या परीक्षा हिंदुस्थानातही घ्याव्यात, असा ठराव हर्बर्ट पॉल यांनी मांडला. दादाभाईंनी पाठिंबा दिला. सरकारचा विरोध असूनही तो 84 विरुद्ध 76 मतांनी मंजूर झाला. सरकारने मात्र तो बासनात गुंडाळला. हिंदुस्थानात परीक्षा व्हायला 1922 साल उजाडलं. पण त्या दिवशी आपल्या बाजूने कोण उभं राहिलं, हे कोणाला पुसता आलं नाही.

इकडे बडोद्यात महाराज सयाजीरावांनी 1908 साली धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, स्थापली. आज आपल्याला लोकसभा आहे. खासदारांची हजेरी नोंदवली जाते. उमेदवारांना मालमत्ता आणि गुन्हे जाहीर करावे लागतात, ते 2002 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे. 2024 साली त्याच न्यायालयाने निनावी निवडणूक रोखेही रद्द केले. मतांचं दार मात्र अजून अर्धवटच उघडं आहे. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. मतविभागणीची मागणी झाली तरच कोणी काय मत दिलं ते नोंदलं जातं.

प्रत्येक विधेयकावर नावनिशीवार मत नोंदवलंच पाहिजे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे ही मागणी करा.