सांगावा आणि निवाडा

सास्तूर हे धाराशिव जिल्ह्यातील, आजच्या लोहारा तालुक्यातील गाव. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने ज्या गावांची माती केली, त्यांतले एक. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि या पट्ट्यातली हजारो माणसे झोपेतच गेली. पुढे काही महिने मी पुनर्वसनाच्या एका पथकात याद्या लिहिण्याचे काम केले. त्या पथकाची एक बैठक मी अजून विसरलेलो नाही.

साहेब खुर्च्यांवर, गावातली कर्ती माणसे सतरंजीवर आणि आमच्या वस्तीतले लोक कडेला उभे. घरांचा नकाशा दाखवला गेला. "कुणाची काही हरकत?" कुणी बोलले नाही. मी कागदावर लिहिले : 'सर्वांची संमती.' बैठक उठल्यावर एक म्हातारी मला म्हणाली, "लेकरा, ह्या घरात शेळी कुठं बांधायची?" मी विचारले, "आजी, मघाशी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "मला कवा इचारलं?"

प्रश्न तर सर्वांना विचारला होता. मग तो तिला आपला का वाटला नाही? याचे उत्तर तिच्या स्वभावात शोधून सापडणार नाही, ते गावकीच्या इतिहासात शोधले पाहिजे.

माझा आजा येसकर होता. माणसे चावडीवर बोलावून आणणे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, मयताचा सांगावा परगावी नेणे ही त्याची कामे. शिवेचा तंटा उठला की महाराची साक्ष मोलाची मानत, कारण शिव त्याच्या पायाखालची. म्हणजे गावाचे सारे दळणवळण त्याच्या पायांवर चाले. पण निवाडा व्हायचा चावडीच्या ओट्यावर आणि आजा उभा पायरीखाली. त्याची साक्ष चाले, त्याचे मत चालत नसे. दुसऱ्याचा शब्द त्याने कोसभर वाहून न्यावा, स्वतःचा शब्द मात्र उच्चारू नये, अशी ही व्यवस्था होती.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कोणते काम करायचे आणि त्याचा मोबदला किती, हे ठरलेले असावे, असा त्याचा रोख होता. आमचा मुलूख तेव्हा निजामाकडे, १९४८पर्यंत त्याच्याकडेच राहिला. ते विधेयक आमच्यासाठी नव्हते, पण गावकीचा जाच इकडेही तोच होता.

आणि गाव सोडून तरी काय झाले? त्याच १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. जास्त मजुरीच्या विणखात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सोबतच्या कामगारांना विटाळ होई! संपात उपाशी राहायला आम्ही चाललो, विणखात्यात मात्र चाललो नाही. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. श्रमिकांची एकजूट म्हणताना त्या एकजुटीत बोलतो कोण, हे त्यांनी विचारले.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे कार्य समितीची तरतूद आली. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सरकारने आदेश दिल्यास अशी समिती नेमायची आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत. कायद्याने खुर्ची दिली. पण खुर्चीवर बसलेल्याचे तोंड कायदा उघडत नाही.

ते कसे उघडते, याचा एक दाखला भूकंपानंतर आमच्याच भागाने पाहिला. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथील घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. प्रारंभी त्यांचे काम योजनेची माहिती घरोघर सांगण्याचे, म्हणजे सांगाव्याचेच. पण भूकंपात टिकणारे बांधकाम कसे असते, हे त्या शिकल्या आणि कामावर देखरेख करू लागल्या. ज्ञान हाती आले, तसा सांगावा उलट दिशेनेही जाऊ लागला. मात्र या सहायकांत वस्तीतली बाई होती काय, हा प्रश्न गावोगाव विचारलाच पाहिजे.

आज आपले तरुण कचेऱ्यांत, बँकांत, शाळांत, संस्थांत काम करतात. बैठकीत ते गप्प बसतात, तेव्हा वरिष्ठ म्हणतात, यांना मत नाही. आणि आपल्या चळवळीच्या बैठका तरी निराळ्या आहेत काय? तेथेही पुढारी ठरवतो, कार्यकर्ता सांगावा नेतो आणि बाया चहा करतात. चावडी आपणही पाठीवर वाहून आणली आहे.

मी आता इतिवृत्त लिहितो, तेव्हा 'सर्वांची संमती' हे शब्द सहजी लिहीत नाही. कडेला उभ्या असलेल्या माणसाला आधी बसायला सांगतो आणि पहिल्यांदा त्यालाच विचारतो. बैठक लांबते. लांबू द्यावी. त्या म्हातारीची शेळी नकाशात बसवायला पाच मिनिटे पुरली असती.