ओल्नीचे दोन मित्र

इंग्लंडांत बकिंगहॅमशायर परगण्यांत ओल्नी नांवाचें एक लहानसें गांव आहे. अठराव्या शतकांत तेथें दोन मित्र राहत असत. एकाच्या हातून घोर पाप घडलें होतें. दुसऱ्याच्या हातून सांगण्यासारखा अपराधही घडला नव्हता. तथापि पहिल्यास शांति लाभली, आणि दुसऱ्यास ती शेवटपर्यंत लाभली नाहीं.

पहिला जॉन न्यूटन. हा १७२५ सालीं लंडनांत जन्मला व अकराव्या वर्षीं बापाबरोबर समुद्रावर गेला. तारुण्यांत तो स्वैर व देवनिंदक झाला. १७४८ च्या मार्चांत अटलांटिक महासागरावर वादळांत सांपडून त्याचें जहाज फुटूं लागलें, तेव्हां त्याच्या तोंडून देवाच्या दयेची याचना निघाली. तो दिवस, २१ मार्च, त्यानें पुढें जन्मभर व्रतासारखा पाळला.

परंतु त्या दिवशीं त्याचें आचरण पालटलें, असें म्हणतां येणार नाहीं. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांवर चाकरीस राहिला व तीन सफरींत स्वतः कप्तान होता. वरती तो प्रार्थना चालवी, आणि जहाजाच्या पोटांत बेड्या घातलेलीं आफ्रिकन माणसें कण्हत पडलेलीं असत. १७५४ सालीं त्यानें समुद्र सोडला तो आजारामुळें. १७६४ सालीं तो ओल्नीस धर्मोपदेशक झाला.

दुसरा विल्यम कूपर, हा कवि. स्वभावानें भिडस्त आणि कोमल. पूर्वी एकदां त्यास वेडाचा झटकाही येऊन गेला होता. १७६७ सालीं तो ओल्नीस आला. पुढें दोघांनीं भक्तिगीतें रचलीं व त्यांचा संग्रह १७७९ सालीं प्रसिद्ध झाला. मध्यंतरीं, १७७३ च्या आरंभीं, कूपरचा आजार उलटला. देवानें आपणांस कायमचें टाकलें, अशी त्याची खात्री झाली. त्यानें जीव देण्याचाही प्रयत्न केला. न्यूटननें त्यास वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं सांभाळलें. पण जी क्षमा कूपरनें गीतांतून लोकांस सांगितली, ती स्वतःपुरती त्यास खरी वाटेना. १८०० सालीं तो त्याच निराशेंत वारला.

आजचें वैद्यक ह्यास मनाचा आजार म्हणेल, आणि तें यथार्थ होईल. त्याच्यावर अश्रद्धेचा ठपका ठेवणें अन्यायाचें आहे. मात्र ह्यावरून एक गोष्ट दिसते. अपराधाची टोंचणी अपराधाच्या मापानें येत नाहीं. म्हणून ती कितीही सोसली तरी तिनें अपराध फिटत नाहीं. ख्रिस्ती धर्म सांगतो कीं, क्षमा ही मनुष्याची कमाई नसून प्रभूची देणगी आहे. ती हात पसरून घ्यावयाची असते. न्यूटननें ती घेतली.

पण ती घेऊन त्यानें पुढें काय केलें? पुष्कळ वर्षें तो गुलामांच्या व्यापाराविषयीं जाहीरपणें बोललाच नाहीं. हें मौन त्याच्या चरित्रांतील डाग आहे. अखेरीस १७८८ सालीं, साठी उलटल्यावर, त्यानें एक पुस्तिका छापली. आपण स्वतः त्या व्यापारांत होतों, हें लाजेनें कबूल करून त्यानें जहाजांवरील क्रौर्य उघडें केलें. पुस्तिकेच्या प्रती पार्लमेंटच्या सभासदांकडे गेल्या. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणारा विल्बरफोर्स त्याच्याच सल्ल्यानें राजकारणांत टिकून राहिला होता. १८०७ च्या मार्चांत ब्रिटिश साम्राज्यांत तो व्यापार बंद करणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत न्यूटननें देह ठेवला.

ज्यांनीं त्या जहाजांवर यातना भोगल्या, त्यांच्या वतीनें त्यास क्षमा करण्याचा अधिकार कोणासच नव्हता, आणि आपण निर्दोष झालों असें न्यूटनही म्हणाला नाहीं. परंतु ज्यास शिक्षेचें भय आहे तो पाप झांकूं पाहतो. ज्याचें भय गेलें, तो चारचौघांत त्याचें नांव घेऊं शकतो. न्यूटनला हें बळ फार उशिरां आलें, पण आलें. अपराधाचें ओझें देवाच्या पायांशीं ठेवणें म्हणजे केलेलें विसरणें, असा ज्यांचा समज आहे, त्यांनीं ओल्नीच्या ह्या म्हाताऱ्या उपदेशकाचा कबुलीजबाब एकदां अवश्य वाचावा.