‘परिणाम करणारे घटक’: दोन कारखाने आणि तुमचा सिनॉप्सिस

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करताय ना? मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकदा जुन्या प्रबंधांच्या कपाटासमोर उभे राहा आणि नुसती शीर्षकं वाचत जा. ‘अमुक उद्योगातील कामगारांच्या कार्यक्षमतेवर परिणाम करणारे घटक : एक अभ्यास’, ‘तमुक तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर परिणाम करणाऱ्या कौटुंबिक घटकांचा चिकित्सक अभ्यास’. दर तिसऱ्या प्रबंधात ‘घटक’ आहेतच. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये नऊ होते. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, “हे नऊच का? दहावा का नाही? आणि हे नऊ तुम्हाला कोणी सांगितले?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तो प्रश्न तुम्हालाही कोणीतरी विचारणारच आहे. म्हणून आज थोडा इतिहास बघू. साधारण एकाच काळात दोन देशांत दोन कारखान्यांभोवती दोन अभ्यास झाले. एक कारखाना जोरात चालू होता, दुसरा बंद पडलेला. एकाचा प्रश्न होता की उत्पादन कशाने वाढतं. दुसऱ्याचा प्रश्न होता की काम गेलं की माणसाचं, घराचं आणि शाळेतल्या पोराचं काय होतं.

पहिली गोष्ट तुम्ही नेट-सेटच्या गाईडात वाचलेली असेल. अमेरिकेत शिकागोजवळ सिसेरो इथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. टेलिफोनचं सामान तिथे बनायचं. 1924 साली तिथे उजेडाचे प्रयोग सुरू झाले. दिवे वाढवले तर काम वाढतं का, एवढाच साधा प्रश्न. पण उजेड आणि उत्पादन यांचा काही सरळ मेळ लागेना. मग 1927 मध्ये रिले जोडणाऱ्या मुलींचा एक छोटा गट वेगळ्या खोलीत बसवला. कधी विश्रांतीची सुट्टी दिली, कधी कामाचे तास कमी केले, कधी खाणं दिलं. उत्पादन वाढत गेलं. नंतर सगळ्या सवलती काढून घेतल्या, तरी ते बऱ्यापैकी वरच राहिलं. हार्वर्डचे एल्टन मेयो 1928 पासून या कामात आले आणि पुढे निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा : पगार आणि उजेड यांपेक्षा माणसाकडे दिलेलं लक्ष आणि गटातले संबंध महत्त्वाचे.

परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण संशोधन करायचं असेल तर पुढचंही वाचावं लागेल. त्या खोलीतल्या पाच मुलींपैकी दोघींना 1928 च्या सुरुवातीला बदललं गेलं. त्या फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत, अशी तक्रार होती. त्यांच्या जागी आलेल्या दोघी जास्त काम करणाऱ्या होत्या. शिवाय खोलीतल्या मुलींचा पगार मोठ्या विभागाच्या उत्पादनाऐवजी त्यांच्या छोट्या गटाच्या उत्पादनावर ठरू लागला होता, म्हणजे जास्त कामाचा पैसा थेट हातात. ॲलेक्स कॅरी यांनी 1967 मध्ये यावरच बोट ठेवलं. लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी उजेडाच्या प्रयोगांचे हरवले असं समजले जाणारे आकडे शोधून पुन्हा तपासले. 2011 मध्ये त्यांनी लिहिलं की पाठ्यपुस्तकातला तो ठळक परिणाम या आकड्यांत तसा दिसत नाही.

म्हणजे हॉथॉर्न खोटं होतं का? तसं नाही. पण एक चूक तिथे स्पष्ट दिसते. एक घटक बदलतोय असं म्हणत असताना शेजारी आणखी दोन-तीन गोष्टी बदलत होत्या, आणि त्या ‘घटक’ म्हणून यादीत नव्हत्या. अजून एक गोष्ट लक्षात घ्या. सगळी मोजणी कारखान्याच्या दारापर्यंतच होती. त्या मुली संध्याकाळी घरी जाऊन काय करत, त्या पगारावर घरात कोण कोण जेवत होतं, हे मुलाखतींत आलं तरी मुख्य आकडा रिलेचाच राहिला. कंपनीला तोच हवा होता. 1930 नंतर मंदीत कामगारकपात सुरू झाली आणि 1932 च्या सुमारास हे प्रयोगही थांबले.

आता दुसऱ्या गोष्टीकडे या. व्हिएन्नाच्या दक्षिणेला, ग्रामाटनॉयझीडल गावाला लागून मारिएंटाल नावाची कामगारवस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे कापडगिरणी उभी राहिली आणि वस्ती गिरणीसाठीच वसली. 1929 च्या उन्हाळ्यात सूतकताई बंद झाली, मग छपाई, मग ब्लीचिंग, आणि 1930 च्या फेब्रुवारीत मागही थांबले. वस्तीत 478 कुटुंबं, 1,486 माणसं. तीन चतुर्थांश कुटुंबं बेकारभत्त्यावर आली.

व्हिएन्नातल्या तरुण संशोधकांच्या गटाला खरं तर फुरसतीच्या वेळेवर अभ्यास करायचा होता. समाजवादी नेते ओटो बाउअर त्यांना म्हणाले की इतकी बेकारी असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, बेकारीचाच करा. विषय बदलला. पॉल लाझार्सफेल्ड, मारी याहोडा आणि हान्स त्सायझेल ही यातली पुढे गाजलेली नावं. त्यावेळी सगळे तिशीच्या आतबाहेर, याहोडा तर चोविशीच्या. 1931-32 च्या हिवाळ्यात काम झालं. लोटे डान्त्सिंगर ही सहकारी काही आठवडे गावातच राहिली.

त्यांचा पहिला नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गटातला कोणीही नुसता बघ्या किंवा पत्रकार म्हणून गावात वावरणार नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगाचं काहीतरी काम करायचं. म्हणून कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची तपासणी ठेवली, शिवणाचे आणि व्यायामाचे वर्ग घेतले. माहिती त्या कामातून येत गेली. आपण काय करतो? गुगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲपवर टाकतो आणि ‘कृपया 5 मिनिटं द्या’ म्हणतो.

आता त्यांनी मोजलं काय, ते बघा. शाळेतल्या मुलांचे मधल्या सुट्टीचे डबे पाहिले, तेही भत्ता मिळायच्या आदल्या दिवशी आणि मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी कितीतरी मुलांकडे काहीच नसे किंवा कोरडा पाव असे. भत्ता आला की डबा बदले. घरची आर्थिक स्थिती विचारणारी पन्नास प्रश्नांची प्रश्नावली जे सांगणार नाही, ते त्या डब्याने सांगितलं.

मुलांना ‘नाताळला मला काय हवं’ यावर लिहायला दिलं आणि त्या इच्छांची बाजारभावाने बेरीज केली. शेजारच्या गावांतल्या मुलांच्या तुलनेत मारिएंटालच्या मुलांची बेरीज साधारण एक तृतीयांश भरली. शिवाय बऱ्याच मुलांनी ‘मला हवं’ असं लिहिलंच नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की आईबाबांना काम असतं तर मला हे आवडलं असतं. गिरणीचं दार बंद झालं आणि आठ-दहा वर्षांच्या पोराच्या वाक्यातलं क्रियापद बदललं. हा परिणाम आपल्या कुठल्या तक्त्यात बसतो, सांगा.

गावच्या ग्रंथालयाची नोंदवही काढली. बेकारांकडे वेळच वेळ, आणि वर्गणीही माफ झालेली, तर वाचन वाढायला हवं. झालं उलटं. 1929 ते 1931 या काळात पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. मोठ्या रस्त्यावर माणसं कशी चालतात, हेसुद्धा नोंदवलं. पुरुष हळू चालत, पुन्हा पुन्हा थांबत. बायका भराभर जात, कारण त्यांना घरी काम होतं. पुरुषांच्या दिनक्रमाच्या तक्त्यांत उठणं, जेवण आणि झोप यांच्या मधले तास जवळजवळ रिकामे होते. काय केलं ते त्यांनाच आठवत नसे. बायकांना गिरणीचं काम आणि घरकाम असा दुहेरी भार आधी होता, तरी अनेकजणी म्हणत की पुन्हा गिरणीत जाऊ. केवळ पैशासाठी नव्हे, माणसांत जायला मिळतं म्हणूनही.

कुटुंबांचे चार प्रकार त्यांना दिसले : न मोडलेली, निमूटपणे दिवस काढणारी, हताश झालेली, आणि सगळं सोडून दिलेली. सर्वात मोठा गट दुसरा. घरातल्या माणसांच्या वयानुसार भार लावून महिन्याचं दरडोई उत्पन्न काढलं, तर या चार गटांत ते अनुक्रमे 34, 30, 25 आणि 19 शिलिंग आलं. फरक बघा : पाच-पाच शिलिंगांवर एका घराची मनःस्थिती बदलत होती. जसजसे कपडे आणि भांडी झिजत जातील, तसतशी आजची निमूट कुटुंबं खालच्या गटांत सरकतील, असा त्यांचा अंदाज होता. बेकारी वाढली की लोक चिडून उठतील, ही त्या काळातली अनेकांची अपेक्षा मारिएंटालमध्ये फोल ठरली. लोक उठले नाहीत, ते थंड पडले.

या अभ्यासातही उणिवा आहेत. एकच गाव, तुलनेला दुसरं गाव जवळपास नाहीच. पण आधीचा आकडा कुठून आणायचा, हा प्रश्न त्यांनी चांगला सोडवला. संशोधक यायच्या आधीपासून गावात लिहिल्या जाणाऱ्या वह्या त्यांनी शोधल्या : ग्रंथालयाची, संस्थांच्या सभासदांची, निवडणुकीची. तुमच्या गावात शाळेचं हजेरीपत्रक आहे, वाचनालयाची देवघेव वही आहे, पतसंस्थेचं रजिस्टर आहे. प्रश्नावली छापण्याआधी तिकडे एक चक्कर मारा.

पुस्तक 1933 मध्ये जर्मनीत लाइपझिगला छापलं गेलं. लेखकांची नावं ज्यू होती, म्हणून मुखपृष्ठावर टाकली नाहीत. बहुतेक प्रती लवकरच नष्ट झाल्या. लाझार्सफेल्ड त्याच वर्षी अमेरिकेला गेले. याहोडांना 1936 मध्ये अटक झाली आणि सुटका झाली ती देश सोडण्याच्या अटीवर. इंग्रजी भाषांतर यायला 1971 उजाडलं. याहोडांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराबरोबर आणखी पाच गोष्टी देते : दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून काही करण्याचा हेतू, समाजातलं स्थान आणि नेमाने हातपाय हलवणं. लक्षात येतंय का? हे पाच ‘घटक’ आधी ठरवून त्या गावात गेल्या नव्हत्या. ते गावातून निघाले.

मुंबईच्या वाचकाला मारिएंटाल परकं वाटू नये. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. नंतर कितीतरी गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. संपाची कारणं आणि मारिएंटालची मंदी यांत फरक आहे, दोन्ही एकाच पेटीत टाकू नका. पण चाळीच्या खोलीत पुढे काय झालं, हे आपल्याला जास्त कळलं ते जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातून आणि मीना मेनन-नीरा आडारकर यांनी नोंदवलेल्या कामगारांच्या आठवणींतून. त्या वर्षांत लालबाग-परळच्या शाळांतले डबे कोणी मोजले असते तर?

जाता जाता एक योगायोग. आपण ज्या ‘पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत’वर उठसूट टिकमार्क करून घेतो, ती पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी मांडली 1932 मध्ये, मारिएंटालचं काम चालू होतं त्याच सुमारास. ती पद्धत वाईट नाही, मीही वापरणार आहे. पण कुठलंही विधान तक्त्यात टाकण्याआधी ते विधान कुठून आलं, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

माझ्या सिनॉप्सिसमधले नऊ घटक आता चार झालेत. प्रत्येकाशेजारी मी लिहून ठेवलंय की हा कोणत्या वहीतून आला, कोणाच्या बोलण्यातून आला. तुमचा सिनॉप्सिस उघडा आणि घटकांच्या यादीपुढे पेन्सिलीने तेवढंच लिहून बघा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, तो समितीसमोर नेऊ नका.