भिवंडीला ‘मँचेस्टर’ म्हणणे हा कोणता अलंकार?

ठाणे जिल्ह्यातील भिवंडीला ‘भारताचे मँचेस्टर’ म्हणतात. हे रूपक आहे: ‘सारखे’ हा शब्दही न वापरता एका शहराला थेट दुसरे ठरवायचे. एका शब्दात कापडधंदा कळतो, पण भिवंडी कळत नाही. मँचेस्टरची उपाधी अहमदाबाद आणि इचलकरंजीलाही लावली जाते! शिवाय इंग्लंडचे मँचेस्टर मोठ्या गिरण्यांसाठी गाजले. भिवंडीत यंत्रमागांचे छोटे कारखाने वस्तीला लागून आहेत. कामवारी नदी, तालुक्यातली भातशेती, महामार्गालगतची गोदामे यांना तर या रूपकात जागाच नाही.

‘माग रात्रभर जागतात’ असे लिहिले, की चेतनगुणोक्ती होते, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. वाक्य छान वाटते, पण खरा जागतो तो मागावरचा कामगार, आणि तोच वाक्यातून गायब होतो. ‘खडखडाट’ हा ध्वनीची नक्कल करणारा शब्द त्यापेक्षा प्रामाणिक.

चौथा मार्ग स्वभावोक्तीचा: दिसते तसे, नेमके सांगणे. कामगाराच्या केसांवर बसलेला कापसाचा भुरका, एवढेच. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त माणदेशाचा दुष्काळी मुलूख बराचसा याच साधेपणाने उभा केला.